तर्जनीवर धरलेला तळ

बाबांच्या दृष्टीला मधोमध भोक पडले आहे. कडा शाबूत आहेत. खिडकीची चौकट, दाराबाहेरच्या कुंड्या, आईच्या साडीचा काठ हे सारे त्यांना दिसते. परंतु ज्याच्याकडे रोखून पाहावे तेवढेच नेमके पुसले जाते. चहाचा कप टेबलावर असतो आणि त्याच्याकडे नजर वळताच तो धुक्यात बुडतो. डॉक्टरांनी सांगितले की आहे ते टिकेल, गेलेले परत येणार नाही. बाबांनी ते ऐकून मान हलवली. जणू ती बातमी दुसऱ्या कोणाची होती.

बाबा आयुष्यभर गळ टाकत आले. गावाजवळच्या धरणाच्या फुगवट्यावर, रविवारी सकाळी, ज्वारीच्या धाटाचा हलका तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचा, त्याच्याखाली गळाला गांडूळ, आणि मग त्या तुकड्याकडे एकटक पाहत राहायचे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसत असे आणि मला एक काम असे. तरंगता तुकडा हलला की मी हलक्या आवाजात म्हणायचे, "टिपतोय... टिपतोय..." आणि तो दिसेनासा झाला की ओरडायचे, "गेला!" त्या शब्दाबरोबर बाबांचा हात वर उसळायचा आणि काठीच्या टोकाशी चांदीचा एक तुकडा थरथरत हवेत यायचा. ही आमची रीत होती. खरे तर त्यांना माझ्या हाकेची गरज नव्हती, त्यांचे डोळे माझ्याहून तेज होते. पण हाक माझी आणि झटका त्यांचा, अशी वाटणी आम्हां दोघांनाही आवडत असे.

मागच्या दिवाळीत मी गावी गेले तेव्हा मात्र ती हाक त्यांना खरोखरीच लागली. तरंगणारा तुकडा नेमका त्या भोकात नाहीसा होत होता. मी जीव तोडून सांगत होते, तरी दर वेळी हात उशिरा उठत होता आणि रिकामा गळ वर येत होता. दुपारी त्यांनी काठ्या पुसल्या, रिळे फडक्यात गुंडाळली आणि शेजारच्या आळीतल्या मित्राला सारे देऊन टाकले. त्या दिवसापासून ते एकेक गोष्ट सोडू लागले. आधी बाजार सोडला. मग फिरणे. मग स्वतः दाढी करणे. आईबरोबर ते सिंगापूरला आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याजवळ सोडण्यासारखे फार थोडे उरले होते, आणि मला भीती होती ती त्या थोड्याची.

आमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर आहे. माझा नवरा सकाळी चांगी बिझनेस पार्कातल्या ऑफिसला जातो, मी घरून काम करते. बाबा दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असत. खिडकीतून बेडोकचा जलाशय दिसतो. म्हणजे मला दिसतो, बाबांना त्याच्या कडेकडेची झाडे दिसत.

आईने चौथ्या दिवशीच सुनावले, "खुर्चीतच बसायचं होतं तर आपल्या घरची काय वाईट होती? तिकडे निदान फुकट होती."

"इथे वारा चांगला आहे," बाबा म्हणाले.

"वारा! पंख्याचा वारा आहे तो."

त्याच सुमारास माझी नागपूरची मैत्रीण माझ्या मनात आली. ती इथल्या विद्यापीठात संशोधन करते, धातूंच्या भेगांवर तिचे काम चालते, आणि शनिवार उजाडला की बुकित पंजांगहून एमआरटी मेट्रोत बसून, मार्गिकेच्या एका टोकाकडून जवळजवळ दुसऱ्या टोकापर्यंत, पाठीवर काठीची नळी अडकवून आमच्या जलाशयावर येते. तिच्या गप्पांतून मी एक गोष्ट अनेकदा ऐकली होती आणि कानाआड केली होती. उन्हे चढली की मासा खोल पाण्यात उतरतो, आणि तिथे त्याला पकडताना डोळ्यांचा काही उपयोग नसतो.

मी तिला फोन केला. "डोळ्यांचा उपयोग नसतो म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे पाण्यावर काहीच नसते न पाहायला," ती म्हणाली. "सगळं बोटावर येते. काहून?"

मी कारण सांगितले. मग ती म्हणाली, "आधी तू शिक बाप्पा. तुला आलं त काकांना घेऊन ये."

पुढचे दोन शनिवार मी शिकले, आणि ते शिकणे मला नव्या छंदासारखे झिंग आणणारे वाटले. इथल्या जलाशयांत आमिष म्हणून खरे खाद्य वापरता येत नाही. किडा नाही, गांडूळ नाही, कणीकसुद्धा नाही. नेमून दिलेल्या जागी उभे राहायचे आणि रबराचे नाहीतर लाकडाचे खोटे आमिष टाकायचे. आम्ही ज्या माशाच्या मागे होतो त्याला इथे पीकॉक बास म्हणतात. दूर कुठल्या तरी खंडातून आलेला हा मासा इथल्या पाण्यात कधीचाच रुळला आहे. आमच्यासारखाच, असे मैत्रीण म्हणते, फक्त त्याला इथे राहायला पास लागत नाही. पहाटे तो काठालगत येतो, लहान माशांवर तुटून पडतो, पाण्याला चापट मारल्यासारखा आवाज होतो आणि त्या वेळी कुणीही त्याला पकडू शकतो. पण ऊन टोचू लागले की तो मागे सरकतो. बेडोकचा जलाशय पूर्वी वाळूची खाण होता. काठापासून थोड्या अंतरावर तळ एकाएकी खचतो, आणि त्या खचलेल्या पायरीच्या सावलीत मासा पोटभर खाऊन उभा असतो. त्याला भूक नसते. मोठे, खळबळ करणारे आमिष तिथे नेले तर तो तोंड फिरवतो.

तिथे सगळेच बारीक लागते. दोरा केसाहून किंचित जाड. गळ टाचणीसारखा. वर बोटाच्या पेराएवढा मऊ रबरी मासा, आणि त्याच्याखाली, हातभर अंतरावर, दोऱ्याच्या अगदी शेवटाला शिशाचा छोटा गोळा. गोळा तळावर टेकतो, रबरी मासा त्याच्या वर अधांतरी उभा राहतो. मग काठी हलवायची नाही, हलवण्याचा नुसता विचार करायचा. मनगटात एक शिरशिरी येऊ द्यायची आणि थांबायचे. दोरा तर्जनीवर अलगद टेकलेला असतो. सारे जग त्या एका ठिपक्यातून आत येते.

"पाणी जितकं खोल, हात तितका हलका," मैत्रिणीने बजावले. "आणि मासा आला की झटका द्यायचा नाही. हा दोरा झटक्याला पुरत नाही. ढिला दोरा गुंडाळून घ्यायचा आणि झोपलेलं लेकरू उचलतो न, तशी काठी वर आणायची. गळ आपल्या आपण बसते."

मी डोळे मिटून सराव केला. मिटल्या पापण्यांवर ऊन लालसर पसरले होते, कुठूनशी तळलेल्या लसणीचा वास येत होता, आणि माझ्या बोटावर प्रथमच एक अनोळखी भार आला. ओढ नव्हती, हिसका नव्हता. गर्दीत कुणी आपल्या पदराचे टोक नकळत धरावे तसे काहीसे. मी श्वास रोखून काठी उचलली आणि ती जिवंत झाली. तळहाताएवढाच मासा होता; पण मी त्या दगडी काठावर अक्षरशः नाचले. घरी जाताना मनात एकच वाक्य घोळत होते, हे बाबांना जमेल, हे बाबांना माझ्याहून चांगले जमेल.

बाबांना तयार करणे सोपे नव्हते.

"रबराचा मासा?" ते म्हणाले. "माशाला काय इतका मूर्ख समजता?"

मैत्रीण त्या दिवशी मुद्दाम घरी आली होती, आईचे पोहे खात होती. ती म्हणाली, "मासा येडाच असते काका. पण उन्हात लय शहाणा होते. म्हणूनच तर मजा आहे न."

"मला आता दिसत नाही, बाई."

"मला तरी कुठे दिसते? वीस हात खाली काय चाललंय ते मला दिसून राहिलं का? आपण दोघं सारखेच."

बाबा हसले नाहीत, पण खुर्चीतून उठले. मला तेवढे पुरेसे होते.

त्या पहिल्या सकाळी जे झाले ते आठवले की अजूनही अंगावर रोमांच उभे राहतात. मैत्रिणीने गोळा पाण्यात सोडला, तळाला टेकू दिला आणि काठी बाबांच्या हातात दिली. दोरा त्यांच्या तर्जनीवर ठेवला. बाबा सवयीने पाण्याकडे पाहू लागले, मग वैतागून त्यांनी मान वळवली, आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा सैल झाला. नजर कुठेच नव्हती. त्यांनी काठी किंचित ओढली, थांबले, पुन्हा किंचित ओढली.

"वाळू," ते म्हणाले.

मी विचारले, "काय?"

"खाली वाळू आहे. गोळा घासत येतोय, साखरेवरून चमचा ओढावा तसा." थोडे थांबून, "आता खडे आले. बारीक. टक, टक... हा मोठा होता." आणि मग एकदम आवाज चढवून, "अगं, इथे कडा आहे! गोळा पडला! ऐकलंस का, पडला खाली!"

"तीच ती पायरी, काका!" मैत्रीण ओरडली. "तिथेच थांबा!"

इतक्या वर्षांत मी बाबांना पाण्यावर काय चालले आहे ते सांगत आले होते. आता ते मला पाण्याखालचे सांगत होते, आणि मी उघड्या डोळ्यांनी त्या हिरव्या, चकाकत्या, काहीच न सांगणाऱ्या पृष्ठभागाकडे पाहत उभी होते. तळावर एक बुडालेली फांदी आहे, तिच्यापलीकडे गाळ आहे, गाळात गोळा रुततो आणि सोडवताना दोरा पुसटसा सुस्कारतो, हे सारे त्यांनी मला ऐकवले. दोन तास ते उभे होते. त्यांनी एकदाही बसायला मागितले नाही.

आणि मग काठीचे टोक खाली वाकले.

मला ते दिसले. अगदी पुसट, वाऱ्याने वाकावे इतकेच. माझ्या घशातून लहानपणची ती हाक माझ्या परवानगीशिवाय बाहेर पडली, "गेला!"

बाबांचा हात उसळला. खांद्यापासून, पाठीपासून, फुगवट्यावरच्या सगळ्या रविवारांची ताकद घेऊन उसळला. हवेत शीळ घातल्यासारखा आवाज झाला आणि तुटलेला दोरा वाऱ्यावर तरंगत खाली आला. पाण्यात खोलवर काहीतरी जड, पिवळसर उजेडासारखे वळले आणि विझले. निदान मला तसे दिसले.

मैत्रिणीने दोरा गुंडाळायला घेतला.

"मोठा होता," बाबा म्हणाले. "मला आधीच कळलं होतं. तो आला, उभा राहिला, त्याने तोंडात घेतलं. मी सावकाश उचलणारच होतो." त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिले, म्हणजे तो हात त्यांना दिसेनासा झाला असणार. "हा हात काही माझं ऐकत नाही. चला घरी."

त्यानंतर आठवडाभर ते पुन्हा खुर्चीत होते. आधीपेक्षा घट्ट. मैत्रिणीचा फोन आला, "काका येऊन राहिले न शनिवारी?" तर त्यांनी हातानेच नाही म्हणून सांगितले. रात्री जेवताना मी भात वाढला आणि त्यांनी न विचारता ताट आईकडे सरकवले, कालवून दे म्हणून. असे त्यांनी यापूर्वी कधीच केले नव्हते. आईने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत मला माझीच भीती दिसली.

भात कालवून देता देता आई म्हणाली, "एवढा हात ऐकत नसेल तर त्याला घरात शिकवा. तळ्यावर कशाला जायला हवं?"

"घरात मासा कुठून आणायचा?" बाबा म्हणाले.

"मी होते मासा. जन्मभर तुमच्या गळालाच आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या घरात जे घडले ते कुणी पाहिले असते तर आमच्याविषयी त्याचे मत कायमचे बदलले असते. मैत्रीण आपली काठी आमच्याकडे ठेवून गेली होती. बाबा हॉलमध्ये खुर्चीत बसले. दोरा त्यांच्या बोटावरून, फरशीवरून, बंद दाराच्या फटीतून बेडरूममध्ये गेला. तिथे आई मांडी घालून बसली होती आणि दोऱ्याचे टोक तिने लाटण्याला बांधले होते. तिने हवे तेव्हा लाटणे अलगद ओढायचे, बाबांनी काठी सावकाश उचलायची. मी दाराशी, काठीच्या टोकावर नजर ठेवून.

पहिल्यांदा काठी वाकली आणि मी म्हणाले, "आला, आला..." बाबांचा हात उडाला. आतून लाटणे दारावर आदळले.

"अहो!" आई ओरडली. "माझं बोट असतं मध्ये म्हणजे?"

दुसऱ्यांदा मी ओठ दाबून धरले होते, तरी काठी हलताच हुंकार निघालाच. पुन्हा हिसका, पुन्हा दारावर धाडकन. तिसऱ्यांदा मी स्वयंपाकघरात गॅस बंद करायला गेले होते. परत आले तेव्हा हॉलमध्ये संपूर्ण शांतता होती. बाबांची काठी हळूहळू, फार हळूहळू वर चालली होती, कमानीसारखी वाकत, आणि दाराखालून दोरा ताणलेल्या तारेसारखा येत होता. दार उघडले. लाटणे दोन्ही हातांत घट्ट धरून आई उंबऱ्यात उभी होती.

"सुटेना हो," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "मी जोर लावतेय आणि सुटत नाहीये. चांगलं धरलंयत."

मग तिने माझ्याकडे पाहिले. "तू कुठे होतीस आत्ता?"

"गॅस बंद करायला गेले होते."

"तेच म्हटलं. हात ऐकत नाही असं नाही. हात हिचं ऐकतो. हिला आधी तिथून हलवा."

मी कविता लिहिणारी, शब्दांवर वाढलेली बाई. कवितेने मला शिकवले की पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीला आवाज द्यावा, आणि मी मनापासून समजत होते की बाबांच्या दृष्टीतले ते भोक मी माझ्या बोलण्याने भरून काढते आहे. प्रत्यक्षात दोऱ्यावरून त्यांच्यापर्यंत जे पोचत होते ते माझ्या डोळ्यांपर्यंत नंतर येत होते. मासा आधी त्यांना कळत होता. माझी हाक मागाहून येऊन त्यांचा हात पळवून नेत होती. हे समजले तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. मला मात्र आनंदाने हसू फुटले. बाबांना कुणाचे डोळे नकोच होते!

"पुन्हा," बाबा म्हणाले. "मासा, आत जा. आणि तू स्वयंपाकघरात."

त्या दुपारी आई इतक्या वेळा मासा झाली की शेवटी तिने लाटणे खाली ठेवून जाहीर केले, आता पोळ्या कुणीतरी दुसऱ्याने लाटाव्यात.

शनिवारी आम्ही जलाशयावर पोचलो तेव्हा ऊन चांगलेच चढले होते. हवा ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटत होती. पलीकडच्या इमारतींच्या मागे, पूर्वेला, निळसर काळा ढग फुगत होता. वीज चमकू लागली की पाण्यापासून दूर व्हावे लागते, म्हणजे आमच्या हाती फार वेळ नव्हता. मैत्रीण काठावर पुढे, दूरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. बाबांना उद्देशून ती एवढेच म्हणाली, "काका, मी तिकडे आहे. माझ्याकडे ध्यान देऊ नका."

बाबांनी गोळा स्वतः सोडला. दोरा किती सुटला ते बोटांनी मोजत गेले. मग मला म्हणाले, "तू त्या झाडाखाली बस. पाण्याकडे पाठ करून."

"पाठ करून कशाला? मी बोलणार नाही."

"तुझा श्वाससुद्धा ऐकू येतो मला. जा."

मी गेले. रेन ट्रीच्या मुळांवर पाण्याकडे पाठ करून बसले. समोर सायकलींची वाट होती, गवत होते, आणि छत्री उघडून चाललेली एक चिनी आजी. न पाहण्याचा तो पहिला अर्धा तास मला फार जड गेला. मग कान उघडले. ढगाचा लांबचा गुरगुराट. काठावरच्या दगडांना लागणाऱ्या पाण्याची लप लप. मैनांचे भांडण. आणि त्या सगळ्यांच्या खाली, अधूनमधून, रिळाची एक मऊ टिकटिक. बाबा ढिला दोरा घेत होते. थांबत होते. पुन्हा टिकटिक. त्या आवाजावरून मी ओळखू लागले की गोळा आता वाळूवर आहे, आता खड्यांवर. मग एक लांब विराम आला. पायरी असणार.

विराम संपेना.

मैनाही गप्प झाल्या असे मला वाटले. खरे तर फक्त मी सोडून सगळे तसेच असणार. माझ्या जिभेवर तो शब्द येऊन उभा राहिला. मी तळहात तोंडावर दाबला. मागे टिकटिक झाली, एकदा, दोनदा, अगदी सावकाश, जणू कुणी झोपलेल्या घरात कडी काढत होते.

आणि रीळ ओरडू लागले!

तो आवाज मी शब्दांत पकडू शकत नाही, आणि तरीही पकडायचा मोह आवरत नाही. कापड फाटत जावे, फाटतच जावे, आणि त्या फाटण्यात सूर असावा. दोरा रिळातून पळत होता. म्हणजे गळ बसला होता. दोरा तुटला नव्हता. मासा ओढत होता आणि बाबा ओढू देत होते! मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले, पण वळले नाही. आवाज थांबला. टिकटिक सुरू झाली, जड, दमदार. पुन्हा कापड फाटले, आता आखूड. बाबा काहीतरी पुटपुटत होते. "जा... जा, किती जातोस ते बघू... ये आता... कडेला जाऊ नकोस रे शहाण्या, तिथे फांदी आहे, मला ठाऊक आहे." ते माशाशी बोलत होते. कित्येक महिन्यांत ते इतके कुणाशीही बोलले नव्हते.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. ढगाची सावली गवतावरून सरकत माझ्या पायांपर्यंत आली. मग हाक आली.

"ये आता. जाळी घेऊन ये. बोलू नकोस."

मी धावले. बाबा काठाच्या दगडांवर पाय रोवून उभे होते, शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, हनुवटी वर, नजर थेट आभाळात. काठी गोल वाकली होती. पाण्यात, त्यांच्या पायांशी, काहीतरी सोनेरी एका बाजूवर कलंडत होते. दूरवरून मैत्रीण आमच्याकडे धावत येत होती, तिनेही दोन्ही हात तोंडावर ठेवले होते. मी जाळी पाण्यात बुडवली. बाबांनी काठी मागे झुकवली आणि मासा त्यांच्या इच्छेने, त्यांच्या वेगाने, माझ्या जाळीत आला.

वजनाने माझे मनगट खाली गेले. मी तरीही बोलले नाही.

बाबा गुडघ्यांवर बसले. जाळीच्या कडेवरून हात आत नेला, चाचपडत, आणि माशाच्या खालच्या जबड्यात अंगठा घातला. पीकॉक बासचे दात खरखरीत असतात, चावत नाहीत. दुसऱ्या हाताने त्यांनी गळ शोधला आणि तो सहज निघाला. जबड्याच्या कोपऱ्यात, नेमका जिथे बसायला हवा तिथे बसला होता. मग त्यांनी मासा उचलला. ते त्याच्याकडे पाहत नव्हते. मान जराशी बाजूला वळवून, दृष्टीच्या शाबूत कडेने, त्याची चमक घेण्याचा प्रयत्न करत होते.

"सांग," ते म्हणाले.

"आता बोलू?"

"आता नाही तर कधी? लवकर सांग, त्याचा जीव घाबरा होतोय."

आणि आयुष्यात प्रथमच मला एका माशाच्या श्वासाएवढाच वेळ मिळाला होता. मी सुटले. "पाठ शेवाळासारखी हिरवी, बाबा, पण ओली, चकचकीत. पोटाकडे येता येता पिवळी होते, हळदीचा हात लागल्यासारखी. अंगावर तीन काळे पट्टे, उभे, काजळाचं बोट ओढल्यासारखे, खाली विरत जाणारे. गळा केशरी आहे. डोळा लाल, डाळिंबाचा दाणा. आणि शेपटीवर..."

"शेपटीवर काय?"

"शेपटीवर अजून एक डोळा आहे! खोटा. काळा ठिपका आणि भोवती पिवळं कडं, आणि तो इतका खरा दिसतो की..."

"बास," बाबा म्हणाले. "दम लागलाय त्याला. राहिलेलं घरी सांग, तुझ्या आईलाही ऐकू दे."

त्यांनी मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, पुढे मागे हलवला, त्याचे कल्ले उघडमीट होऊ लागले तशी बोटे सैल केली. तो क्षणभर तिथेच उभा राहिला, बाबांच्या उघड्या तळहातांच्या मध्ये. मग पाण्याचा एक झोत बाबांच्या तोंडावर उडाला आणि तळहात रिकामे झाले.

मैत्रीण धापा टाकत पोचली. "काका! काय मोठा होता बाप्पा! फोटो नाही काढला काहून?"

"फोटो मला काय दिसणार आहे?" बाबा म्हणाले. चेहरा बाहीने पुसत ते उठले. पुसताना हसत होते, दात दिसत होते. मग त्यांनी काठी उचलली, दोऱ्याच्या टोकापर्यंत बोटे नेली, रबरी मासा जागेवर आहे का ते चाचपले. शेपूट चावून तुटली होती. त्यांनी हात पुढे केला.

"दुसरा द्या. आणि ढग किती जवळ आलाय ते सांगा मला."

"अजून पलीकडच्या इमारतींच्या वर आहे," मी म्हणाले.

"म्हणजे एकदा टाकण्यापुरता वेळ आहे," ते म्हणाले, आणि पाण्याकडे वळले. मला कुणी सांगावे लागले नाही. मी चालत जाऊन झाडाखाली बसले, गवताकडे तोंड करून.